बांधावरची लोकर आणि बाजारातला कापूस

गेल्या फेब्रुवारीत ज्वारी काढून झाल्यावर आमच्या रानात धनगराचा वाडा बसला. दोनशेच्या वर मेंढरे, तीन रात्री. रात्रीमागे ठरलेले पैसे आणि वर दोन पायली ज्वारी. शेणखताच्या ट्रॉलीचा आजचा दर ज्याला ठाऊक आहे त्याला हा सौदा महाग वाटणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो तर कातरणारे बसले होते. दुपारपर्यंत पन्नासएक मेंढ्या मोकळ्या झाल्या आणि बांधावर काळ्या लोकरीचा ढीग पडला. संध्याकाळी वाडा उठला. ढीग तिथेच.

मला वाटले, विसरले. मागून जाऊन हाक मारली, "आबा, लोकर राहिली की!"

म्हातारा थांबला. "ऱ्हाऊ द्या मालक. घोड्यावर वझं कशाला? घेणारं कोन हाय?"

"मग कातरता कशाला? कातरणाऱ्याला तर पैसे मोजलेत."

"न्हाई कातरलं तर जनावर उन्हानं बेजार हुतं. अंगात गोचिड ऱ्हाती. ते काय लोकरीसाठी न्हाई."

"घोंगडीला तरी?"

"इननारं म्हातारं झालं. पोरं पुन्याला गेली."

ढीग टाकून तो निघाला खरा, पण त्याच्या खांद्याला एक लहान पिशवी होती. तीत पहिल्यांदा कातरलेल्या कोकरांची लोकर, म्हणजे जावळ, त्याने वेगळी बांधून घेतली होती. जावळाची घोंगडी मऊ होते आणि तिला अजून कुठेतरी गिऱ्हाईक सापडते, एवढे त्याला माहीत होते. टाकून द्यायच्या मालातही त्याने निवड केली होती.

त्या ढिगाचा विचार मी आठवडाभर करत राहिलो, तो धनगराची कीव आली म्हणून नव्हे. आपली कापसाची गाडी बाजार समितीच्या आवारात उभी राहते तेव्हा तिच्यात काय भरले आहे हे आपल्याला त्या म्हाताऱ्याइतके तरी ठाऊक असते का, हा प्रश्न मला पडला. आपल्या मालात काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या मालाचा भाव समोरचा अंदाजाने ठरवतो. आणि अंदाज करणारा स्वतःचे नुकसान होईल असा अंदाज कधीच करत नाही. लोकरीच्या धंद्याने हे फार वर्षांपूर्वी ओळखले. म्हणून मेंढीच्या अंगावरून निघालेली लोकर सुतापर्यंत कशी जाते, ते जरा नीट बघू.

दख्खनी का पडली?

आधी आपल्या ढिगाचे बोलू. दख्खनी मेंढी वर्षात दोनदा कातरली तरी मिळून अर्धा-पाऊण किलो लोकर देते. ऑस्ट्रेलियातली मेरिनो वर्षाला एका कातरणीत चार-पाच किलो देते. मेरिनोचा तंतू साधारण १८ ते २२ मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साठ-सत्तर मायक्रॉन भरतो. दख्खनीचा तंतू मेरिनोच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जाड. त्यात पुष्कळसे तंतू आतून पोकळ, आणि रंग काळा. काळ्यावर दुसरा रंग चढत नाही, जाड तंतू अंगाला टोचतो. सुटाच्या कापडाला ही लोकर कधीच चालणारी नव्हती.

घोंगडीला मात्र तीच लागते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढे पाणी पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. भर पावसात राखणीला बसलेल्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी का असते याचे उत्तर हे आहे. लोकर पिंजायची, चरख्यावर कातायची, ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायची. सनगर आणि खुटेकर धनगर यांच्या घरांत हे काम पिढ्यानपिढ्या चालले. मग पानिपतच्या गिरण्यांत परदेशी जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे निघू लागली. पाठोपाठ अॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर आले. विणकराच्या मजुरीचा हिशेब या ब्लँकेटपुढे टिकणे शक्यच नव्हते.

यावर सरकारी तोडगा निघाला संकराचा. मेरिनो आणि रॅम्बुले जातीचे नर आणून दख्खनीची लोकर बारीक करण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले. आमच्या कॉलेजात आम्हाला ते मोठ्या आशेने शिकवले जात. उन्हात वीस-वीस किलोमीटर चालायचे, कुसळावर आणि धसकटावर जगायचे, हे काम करणाऱ्या जनावराच्या अंगावर थंड देशाची लोकर चढवायला निघालेल्या कुणीही धनगराला विचारले नव्हते की बाबा, तुझा पैसा कशात आहे? त्याचा पैसा मांसात आहे, कोकरात आहे आणि आपल्या रानात बसवलेल्या रात्रीत आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे ओळखले आणि दख्खनीत जुळी कोकरे देणारे जनुक आणण्याचे काम केले. धनगराच्या हिशेबात बसणारे काम ते हे.

शेडमधले टेबल

आता ऑस्ट्रेलियात चला. तिथल्या कातरणीच्या शेडमध्ये यंत्राच्या कातरीने आधी पोटाची लोकर काढून बाजूला टाकतात, कारण ती आखूड, मळकी आणि काटेरी असते. मग बाकीची लोकर गोधडीसारखी एकसंध सोलली जाते. ती जाळीच्या टेबलावर झटक्यात पसरतात. दोनदा कातर लागून झालेले बारीक तुकडे जाळीतून खाली पडतात. दोन्ही बाजूंना उभे राहिलेले मजूर कडेकडेची शेणाने, घामाने, काट्यांनी खराब झालेली लोकर ओढून वेगळी करतात. मधला चांगला भाग वर्गवारी करणाऱ्याकडे जातो. हा नोंदणी झालेला माणूस असतो. तो एक झुबका उपसतो, दोन्ही टोकांना धरून कानाजवळ ताणतो आणि बोटाने टिचकी मारतो. तंतू मजबूत असेल तर स्वच्छ झंकार येतो, कमजोर असेल तर तडतड ऐकू येते.

तंतू कमजोर का होतो? मेंढी उपाशी राहिली की त्या दिवसांत उगवलेला तंतूचा भाग बारीक पडतो. लोकर सतत वाढत असते, त्यामुळे दुष्काळाचे चार महिने त्या तंतूत एका जागी दिसतात आणि पुढे गिरणीत विंचरताना नेमका त्याच जागी तो तुटतो. कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बोंड धरल्यावर पहिले वीस-पंचवीस दिवस कापसाचा तंतू लांबीने वाढतो, नंतर भरतो. पहिल्या दिवसांत पावसाने ताण दिला तर धागा आखूड, नंतर दिला तर तो पोकळ आणि कच्चा. मेंढी असो की पऱ्हाटी, पाऊस कुठे चुकला ते तंतूत उतरते. फरक एवढाच की त्यांच्याकडे ते वाचणारा माणूस शेतकऱ्याच्याच शेडमध्ये उभा असतो.

वर्गवारी झाली की लोकर प्रतीप्रमाणे वेगवेगळी दाबून गठ्ठे बांधतात. गठ्ठ्यावर मालकाचे नाव आणि वर्गवारी करणाऱ्याचा शिक्का. आत भलतेच काही निघाले तर कुणाला धरायचे ते त्या शिक्क्यावरून कळते. तागाचे आणि प्लास्टिकचे तंतू लोकरीत मिसळतात म्हणून तिथे बारदान नायलॉनचे सक्तीचे झाले. आपण मात्र वेचलेला कापूस खताच्या रिकाम्या पोत्यात कोंबतो. त्या पोत्याचा प्लास्टिकचा धागा कापडात उतरला की त्यावर रंग चढत नाही आणि थान नापास होते.

आणि टेबल? आपल्याकडे पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस, पावसात भिजलेला दुसऱ्या वेचणीचा, कवडी आणि फरदड हे सगळे एका खोलीत, एका ढिगात. व्यापाऱ्याने ढिगात हात घालून कवडीचा एक बोळा वर काढला की सगळ्या गाडीचा भाव त्या बोळ्यावर ठरतो. ते टेबल आपल्याकडेही असायला हवे होते. त्याला काय लागते? एक चादर आणि वेचणीच्या दिवशी निराळे ठेवलेले दोन ढीग. मजुरी वाढेल हे मान्य. पण ती वाढीव मजुरी भावातून परत मिळते की नाही, हे ढीग वेगळे केल्याशिवाय कळायचे कसे?

मोजमाप आधी, धुलाई नंतर

लोकरीच्या धंद्यातला मोठा बदल यंत्रात नव्हता, कागदात होता. १९७० नंतरच्या वर्षांत ऑस्ट्रेलियात गठ्ठे नमुना आणि चाचणीच्या दाखल्यावर विकणे सुरू झाले. त्याआधी खरेदीदार गोदामात फिरून, हात घालून, डोळ्यांनी भाव ठरवत. आता प्रत्येक गठ्ठ्यात पोकळ नळी खुपसून नमुना काढतात आणि तो प्रयोगशाळेत जातो. मेंढीचे मेण, सुकलेला घाम, माती आणि काटे काढून टाकल्यावर स्वच्छ लोकर किती उरेल, तिची जाडी किती मायक्रॉन, काडीकचरा किती, हे सगळे छापून येते. ओलाव्याचाही हिशेब त्यात धरतात. लिलावात बोली लावणाऱ्याच्या हातात हा कागद असतो आणि विकणाऱ्याच्या हातातही तोच कागद असतो.

लक्षात घ्या, धुलाई अजून झालेलीच नाही. शंभर किलो कच्च्या लोकरीतून धुतल्यावर साठ-सत्तर किलो स्वच्छ लोकर निघते. पण नेमके साठ की सत्तर, हे धुण्याआधी ठाऊक असते आणि भाव स्वच्छ वजनावर बोलला जातो. ज्याची लोकर स्वच्छ त्याला कच्च्या किलोमागे जास्त मिळते.

आता आपला हिशेब मांडा. शंभर किलो कापसातून कुणाची रुई ३३ किलो निघते, कुणाची ३६. बाकी सरकी. हिशेबापुरते रुई दीडशे रुपये किलो आणि सरकी पस्तीस रुपये किलो धरा. तीन किलो रुई जास्त, तीन किलो सरकी कमी. क्विंटलमागे ३४५ रुपयांचा फरक पडला. दोघांच्या गाड्या शेजारी उभ्या, दोघांना भाव एकच. हे ३४५ रुपये हवेत गेले नाहीत. ते जिनिंगवाल्याकडे राहिले, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण आपण त्याच्याकडे ते मागितलेच नाहीत. मागणार कशाच्या आधारावर? मी कृषी पदवीधर. पस्तीस वर्षांचा होईपर्यंत मी माझ्या स्वतःच्या शेतातल्या कापसाचा उतारा एकदाही मोजला नव्हता. वाण कोणते, खत किती, फवारणी कोणती, हे लोकांना सांगत गावोगाव फिरत होतो.

हमीभावाच्या कागदात कापसाच्या धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर लिहिलेले असते. आपल्यापैकी किती जणांच्या पावतीवर ते आकडे आजवर आले आहेत? ओलाव्याचा आकडा मात्र लगेच येतो, कारण त्यातून कपात करायची असते.

आम्ल आणि अल्कली

पुढची प्रक्रिया थोडक्यात सांगतो. गरम पाण्याच्या हौदांच्या रांगेतून लोकर साबणाच्या द्रावणात हळूहळू पुढे सरकते, प्रत्येक हौदानंतर रुळांखाली पिळली जाते. हळूहळू का? तर लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाण्यात घुसळली की खवले एकमेकांत अडकतात आणि तिचा नमदा होतो. धुण्याच्या पाण्यातून निघणारे मेण यंत्राने वेगळे काढतात. तेच लॅनोलिन, मलमांत आणि सौंदर्यप्रसाधनांत जाणारे.

धुऊनही गोखरू आणि कुसळे जात नाहीत. मग लोकर गंधकाच्या सौम्य आम्लातून काढून तापवतात. काड्या-काटे कोळसा होऊन ठिसूळ होतात, रुळाखाली चुरडून झटकले जातात. लोकरीला काही होत नाही. बियाणे म्हणून आलेली गुळगुळीत सरकी तुम्ही पाहिली आहे. तिच्यावरचे तूस याच गंधकाच्या आम्लाने काढतात. कापूस आणि गोखरू दोघेही झाडाचे, त्यांना आम्ल खाऊन टाकते. लोकर म्हणजे प्रथिन, तिला आम्ल सोसते पण कॉस्टिक सोड्यात ती विरघळून जाते, आणि त्याच सोड्यात कापसाच्या सुताला चकाकी येते. ज्याने एकाच कढईत दोन्ही शिजवायला घेतले त्याचे काय होईल ते सांगायला नको.

मग पिंजणी. सुटाच्या कापडासाठी पिंजलेली लोकर पुन्हा विंचरतात, म्हणजे आखूड तंतू गळून फक्त लांब आणि समांतर तंतूंची जाड दोरी उरते. तिचे सूत. गळलेले आखूड तंतू जाड लोकरी कापडाला जातात. वाया काहीच जात नाही.

आपल्या मंचावरून एक उपदेश नेहमी होतो: शेतकऱ्याने कच्चा माल विकू नये, प्रक्रिया उद्योग काढावा. मीही तो दिला आहे. पण ऑस्ट्रेलियाची बहुतेक लोकर आज न धुताच जहाजात चढते आणि चीनमध्ये धुतली, विंचरली, कातली जाते. तिथल्या शेतकऱ्याच्या मालकीचा एक हौदही नाही. तरी चीनचा गिरणीवाला त्याला स्वच्छ वजनाचे आणि मायक्रॉनचे पैसे देतो. आणि आपल्या जिल्ह्यात सहकारी सूतगिरणीच्या भागभांडवलाला कापसाच्या पैशातून कपात दिलेले म्हातारे अजून जिवंत आहेत. त्यांना विचारा, गिरणी चालू आहे का आणि लाभांश किती वेळा मिळाला? गिरणी काढायच्या आधी काटा आणि कागद आपल्या हातात यायला हवा होता. आपण क्रम उलटा केला.

कागदाने सगळे होत नाही

कागद मिळाला की भाव मिळाला, असे कुणी समजू नये. ऑस्ट्रेलियातलेच उदाहरण देतो. १९७४ साली तिथे लोकरीची किमान किंमत बांधून देण्याची योजना सुरू झाली. लिलावात त्या किमतीला कुणी घेतले नाही तर लोकर महामंडळ घेणार. आपल्याकडे १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तिची ही जरा दूरची बहीण. १९८७ नंतर किंमत ठरवण्यात लोकर उत्पादकांच्या प्रतिनिधींचा शब्द मोठा झाला आणि १९८८ साली किमान किंमत स्वच्छ किलोला ८७० सेंटवर नेली. वर गेलेल्या किमतीला मेंढ्या वाढल्या, १९९० पर्यंत १७ कोटींच्या घरात. त्याच सुमारास सोव्हिएत युनियन आणि चीन या मोठ्या गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. महामंडळ कर्ज काढून घेतच राहिले. १९९० मध्ये किंमत ७०० सेंटवर आणली, तरी गठ्ठे थांबेनात. फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना थांबली तेव्हा गोदामांत ४७ लाख गठ्ठे पडले होते. त्या दिवसांत लाखो मेंढ्या गोळ्या घालून खंदकांत पुरल्या. शेवटचा गठ्ठा विकायला २००१ साल उजाडले. आज तिथल्या मेंढ्या तेव्हाच्या निम्म्याहून कमी आहेत.

यावरून हमीभाव नको असा अर्थ काढणारे काढतील. माझा अर्थ तो नाही. आपल्याला गेली कित्येक वर्षे निर्यातबंदी आणि आयातीच्या धमकीने भाव पाडून विकायला लावले, त्यांची भरपाई मागण्याचा आपला हक्क आहे. पण गिऱ्हाईक काय घेणार याकडे पाठ करून आपल्याच माणसांनी ठरवलेला आकडाही बुडू शकतो, आणि बुडाला तेव्हा तो ठरवणारे नाही तर मेंढ्या खंदकात गेल्या. योजना गेली. टेबल, शिक्का आणि चाचणीचा दाखला मात्र आजही चालू आहे.

राहता राहिला आमच्या बांधावरचा ढीग. स्वच्छ लोकरीत नत्र सोळा टक्क्यांच्या आसपास असते आणि थोडे गंधकही. शेणखतात अर्धा टक्का नत्र असले तरी आपण समाधानी असतो. इंग्लंडात लोकरगिरण्यांचा टाकाऊ चुरा रेवाचिनीच्या मळ्यांना खत म्हणून घालण्याची जुनी चाल आहे. धूळ-काड्यांसकट आपल्या ढिगात टक्केवारी कमी भरणार, हे उघड आहे. पण फुकट टाकलेला माल आहे. मी तो शेणाबरोबर थराथराने खड्ड्यात घातला. नुसता रानात पसरू नका. मागे एकदा पसरला होता, पाऊस कमी झाला आणि पुढच्या वर्षी वखराच्या फासेत जशीच्या तशी काळी जटा अडकून आली. ओल असेल तरच लोकर कुजते. वाडा बसवाल तेव्हा धनगराला आधीच सांगा, कातरणी आमच्याच रानात करा; लोकरीचे वेगळे पैसे ठरवा, पाच-पन्नास का होईनात, पण ठरवा. फुकट घ्यायची सवय आपल्याला व्यापाऱ्याने लावली आहे, ती आपण धनगराला लावायची नाही.

आणि आता काम. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या शेतातला वाळलेला कापूस पाव किलो आणावा, पहिल्या वेचणीचा वेगळा आणि नंतरचा वेगळा. पिशवीत चिठ्ठी: गाव, वाण, पेरणीची तारीख, बोंडाच्या वेळी पाऊस किती दिवस नव्हता. बैठकीत प्रत्येकाचा शंभर-शंभर ग्रॅम मोजून घेऊ. हाताने सरकी सोडवायला वेळ लागतो, म्हणून मायबहिणींनी आणि पोरांनीही यावे. रुई आणि सरकी वेगवेगळी सोनाराच्या काट्यावर तोलू; काटा आणायचे तालुकाप्रमुखांनी कबूल केले आहे. आकडे भिंतीवर लिहू, नावानिशी. कापूस कापडी पिशवीत आणावा, खताच्या पोत्यातला घेणार नाही.